सेकारचे नऊ गुण

मन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कागदावर उतरवावं लागतं. इंडोनेशियातल्या आमच्या सोलो शहरातल्या एका इस्पितळाच्या किशोर मनोरुग्ण कक्षाने हे सत्य एकवीस प्रश्नांत बसवलं आहे. प्रत्येक त्रासाला शून्य ते तीन गुण, मुलांनी स्वतःच द्यायचे. बेरीज चौदाच्या खाली गेली की मूल बरं, वर राहिली की आजारी. (नेमकी चौदा आली तर पेन्सिलीला टोक काढून पुन्हा बसवतात. नियम सात.)

पंधरा वर्षांची सेकार आली तेव्हा बेरीज एकेचाळीस होती. तीन आठवड्यांत नऊ. डॉक्टर ब्रमांत्यो इतके हर्षले की तिला शुक्रवारी घरी सोडायचं ठरलं आणि सिस्टरांनी आनंदाच्या दिवशी करतात तसा पिवळ्या भाताचा शंकू रचला. सेकारने त्यातलं शीतही तोंडात घातलं नाही. कागदावर 'भूक लागत नाही' यापुढे मात्र शून्य.

लादी पुसणाऱ्या सुमियाती मावशींनी बादली खाली ठेवली.

"काय गं, ताट जसंच्या तसं, आणि कागदावर भूक झकास?"

"सुरत्मी सिस्टर दोन बस बदलून येतात, मावशी. माझी वेणी घालतात. त्यांना वाईट गुण कसे देऊ?"

"अगं बये, गुण तुझे आहेत, त्यांचे नव्हेत!"

"पण ओरडा त्यांनाच बसतो ना."

"बरं, जगावंसं वाटतं का?"

सेकारने भिंतीकडे तोंड केलं. "अजून नाही. पण तसं लिहिलं की त्या रडतात."

यात पोरीचा दोष नाही. आमचे कियाई, म्हणजे मौलवी, गात गात प्रवचन करतात, मध्येच थांबून "कळलं ना?" विचारतात आणि अख्खा मांडव "कळलं!" म्हणतो. एवढ्या गोड गळ्याला नाही कोण म्हणणार? (मीही म्हणत नाही.)

मावशींनी सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी उभं राहून, आदराने ऐकलं. लादी पुसणाऱ्यांच्या मतासाठी रकाना नसल्यामुळे ते नोंदता आलं नाही. पण दखल म्हणून बाविसावा प्रश्न वाढवला: 'वरील उत्तरं खरी आहेत का?'

सेकारने सुरत्मी सिस्टरांकडे पाहिलं, हसली, आणि लिहिलं, 'अगदी खरी.' (या सहकार्याबद्दल एक गुण आणखी कमी झाला.)

शुक्रवारी ती घरी गेली.

हसू नका. आम्ही बावीस प्रश्न तरी विचारले. तुम्ही आज सकाळी चपला घालता घालता घरातल्या पोरीला एकच विचारलात, "बरी आहेस ना?" आणि उत्तर यायच्या आत जिना उतरलात.