जपानी अप्पा

मन्मथअप्पांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : ‘‘मास्तर, मुंडकं उडाल्यावर रक्त किती वर जायला पाहिजे?’’

मी बदली होऊन नुकताच पालमला आलो होतो आणि दुधाचं पातेलं घ्यायला त्यांच्या भांड्यांच्या दुकानात शिरलो होतो. समोर कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, साठीचा सात्त्विक माणूस. मी पातेलं छातीशी धरून उभा राहिलो. मग त्यांनीच छताला खाली-वर टांगलेली भांडी काठीनं दाखवत उत्तर दिलं. रक्त कळशीपर्यंत गेलं तर दिग्दर्शक कंजूष. घागरीपर्यंत चालून जातं.

‘‘पन हंड्याला लागलं पाहिजे. तवा जीव भरतो.’’

अप्पांना जुन्या जपानी सिनेमांचं वेड आहे, हे मला नंतर बाजारपेठेनं सांगितलं. सूड घेत हिंडणाऱ्या तलवारवाल्या बाया, अंगभर गोंदलेले गुंड, तुरुंग फोडून पळणाऱ्या कैदिणी, रबरी कातडं पांघरून पुठ्ठ्याचं शहर तुडवणारे राक्षस, काहीही चालायचं. आणि माणूस असा, की दुकानात झुरळ दिसलं तर वाटीखाली झाकून, खालून पुठ्ठा सरकवून नालीपर्यंत पोचवून यायचा. पालममध्ये सगळे त्यांना जपानी अप्पा म्हणत. त्यांना ते आवडायचं.

सिनेमा आवडला की त्यांचा निकाल ठरलेला : ‘‘खोटं हाय, पन इमानदार हाय.’’ राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसली तरी हरकत नसे. आतला माणूस घामाघूम होऊन नाचतोय ना, मग झालं. हाच निकाल त्यांनी आमच्या शाळेच्या गॅदरिंगलाही दिला. शेजारच्यांच्या नव्या जावयालाही दिला, आणि तो पोरगा दोन दिवस त्याचा अर्थ लावत बसला.

सिनेमात नको तिथं पदर ढळला की अप्पा ‘शिवा शिवा’ म्हणत बोटानं सिनेमा पुढं ढकलत. एक सिनेमा असा ढकलता ढकलता अकरा मिनिटांत संपला. त्यावर त्यांचा अभिप्राय होता, ‘‘आटोपशीर हाय.’’

फोनवर अशा चाहत्यांचा एक गट होता. त्यात अप्पांच्या मताला वजन होतं, कारण ते थोडकं आणि भलतंच धारदार असे. एका गाजलेल्या तलवारबाजाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘हा माणूस तलवार चालवतो तेव्हा तो भुकेला दिसत नाही, जेवून उठल्यासारखा दिसतो.’ लोक त्यावर चार दिवस भांडले. मला मात्र नवल वाटायचं. हंडा-कळशीवाल्या माणसाला हे सुचतं कुठून?

गटातल्या आमच्या भागातल्या लोकांनी एका रविवारी परभणीत भेटायचं ठरवलं. अप्पांनी नवं धोतर नेसलं आणि सोबत मला ओढलं. एसटीत सगळा रस्ता ते कंडक्टरला रबरी राक्षसांचे प्रकार समजावत होते. गटातल्या एका पाथरीच्या मोबाइलवाल्याच्या भावाचं परभणीत घर होतं, तिथं आम्ही सातजण जमलो. चहा, भजी आणि मुंडकी यांत दोन तास कसे गेले कळलं नाही.

मग नांदेडहून आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी अप्पांकडं मोहरा वळवला. त्यांनी अगदी आदरानं विचारलं, की कैदिणींचे हे सिनेमे बायकांच्या बंडाचे आहेत, की बायकांचे हाल विकायचा धंदा आहे? अप्पांचं मत त्यांना खास हवं होतं.

अप्पांनी भजं खाली ठेवलं. कपाळ पुसलं. हंडा, कळशी काहीच कामाचं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, ‘‘घरी इचारून सांगतो.’’

सगळे खो खो हसले. अप्पाही हसले, पण परतीच्या एसटीत ते कंडक्टरकडं पाठ करून तिकीट बोटांत गुंडाळत बसले.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून थेट त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर कैदिणींचा सिनेमा थांबवलेला. समोर सतरंजीवर अप्पा आणि त्यांच्या पत्नी गंगाकाकू. काकूंच्या मांडीवर शाळेची लांब वही, तीत अप्पांच्या अक्षरात, शब्दकोश बघून उतरवलेले मराठी संवाद. अप्पा सिनेमा सुरू करत, खालची इंग्रजी ओळ बदलली की वहीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवत, आणि काकू वाचून पडद्याकडं बघत. कपाटात तसल्या वह्यांची चवड होती.

तीन वर्षांपूर्वी तापात काकूंचे कान गेले होते. मशीन लावलं तरी नुसती खरखर. हे मला ठाऊक नव्हतं. काकू दुकानाकडं फिरकतच नसत.

अप्पांनी कालचा प्रश्न कागदावर लिहून त्यांच्यापुढं धरला. काकूंनी तो वाचला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात सांगितलं, ‘‘बाई मार खाती ते दाखवायला लय येळ घेतलाय. ती उठती ते घाईत उरकलंय. बनवनाराला तिच्या मारातच गोडी हाय. पन त्या पोरीचे डोळे त्याचं ऐकत न्हाईत. मी तिच्यासाठी बघायले.’’

अप्पा एकेक अक्षर शोधत फोनवर टाइप करत होते. मी त्यांना हळूच विचारलं, की आजवरची सगळी मतं काकूंचीच का?

‘‘रक्ताचं तेवढं माझं,’’ ते म्हणाले. काकूंना नाव नको होतं, बायामाणसानं असलं बघितलं तर लोक हसतील म्हणून. पण काल आपण स्वतःचं हसं करून घेतलं आणि उत्तर इथं वहीपाशी बसलेलं, हे अप्पांना रात्रभर टोचत होतं. त्यांनी मजकुराखाली लिहिलं, ‘हे मत सौ. गंगाबाईंचं. याआधीची चांगली मतंही त्यांचीच.’ काकूंना न दाखवता पाठवून टाकलं.

पाचच मिनिटांत प्राध्यापक बाईंचं उत्तर आलं. त्यांना काकूंना भेटायला पालमला यायचं होतं. अप्पांनी फोन काकूंच्या हातात दिला. त्यांनी निरोप दोनदा वाचला, नवऱ्याकडं रागानं बघितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन आतूनच विचारलं, ‘‘बाई गोड खाती का, इचारा.’’

अप्पा ते टाइप करत असताना मी म्हणालो, की पण जपानीच का?

‘‘हिंदी लागला की मला कळायचं, तिला न्हाई,’’ अप्पा म्हणाले. ‘‘ती माझ्या तोंडाकडं बघायची. मी हसलो की हसायची. ते मला बघवंना गेलं. मग मलाबी ऐकून कळनार न्हाई असं काईतरी हुडकलं.’’

काकू पदराला हात पुसत येऊन बसल्या आणि वही उघडली. अप्पांनी सिनेमा सुरू केला. पडद्यावर कैदिणी ओरडत होत्या, दारं आपटत होती, आणि खोलीत वहीच्या कागदाखेरीज कशाचाही आवाज नव्हता. अप्पांनी टीव्हीचा आवाज पार बंद करून ठेवला होता.