दर शुक्रवारी पेटणारा दिवा

"येत्या शुक्रवारी हा दिवा पुन्हा पेटला, तर गाडी माझ्या भावाकडे, हुमैदकडे जाईल," शरीफा म्हणाली आणि हातातला कप हलवून तिने खाली ठेवला. म्हणजे कॉफीही पुरे आणि विषयही पुरे. "डोंगरात गाडी बंद पडली आणि आई सोबत असल्या, तर काय करणार तुम्ही, अबू मुहन्ना?"

अबू मुहन्ना म्हणजे मुहन्नाचा बाप; शरीफा नवऱ्याला, खलफानला, मुलाच्या नावानेच हाक मारायची. गाडी त्याच्या वडिलांची. वडील जाऊन दोन वर्षं झाली, पण तिच्यात बसलं की ते शेजारीच बसलेत असं त्याला वाटे. सीटमध्ये त्यांच्या कॉफीतल्या वेलदोड्याचा वास होता, ऊदाचा होता, उन्हात वाळलेल्या माशांचासुद्धा होता. बंदरातल्या नोकरीतून सुटल्यावर खलफानने तिला मायेने घासूनपुसून लख्ख केलं होतं. सीटखालच्या खजुराच्या बिया वेचल्या, आरसे पुसले, डॅशबोर्डवरची जुनी चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. आणि त्याच आठवड्यात इंजिनाचा तो पिवळा दिवा त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागला.

मग त्याने स्कॅनर विकत आणला. स्टिअरिंगखाली खोचला की गाडीचं दुखणं त्याच्या पडद्यावर कोड होऊन उमटायचं. पुस्तिकेत त्या कोडचा अर्थ लिहिला होता: इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर चुकतोय. खलफानने सेन्सर बदलला आणि कोड पुसून टाकला. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागली. शुक्रवारी सगळे सासुरवाडीला रुस्ताकला जेवायला निघाले आणि निम्म्या वाटेत दिवा पेटला. त्याने फिल्टर बदलला. शुक्रवारी दिवा हजर. नळी बदलली, पेट्रोलपंप बदलला, रस्तासुद्धा बदलला. दिव्याने वार काही बदलला नाही.

भाताच्या परातीभोवती बसल्यावर मेव्हणा हुमैद दर खेपेला मायेने विचारायचा, "दाजी, काय म्हणतंय यंत्र?"

"हवेचं काहीतरी आहे."

"हवेचंच असणार. तुम्ही तिला फार हवा दिलीत. द्या माझ्याकडे. मला शेतावर चारा न्यायचाय, चार बकऱ्या न्यायच्यात. बकऱ्यांना दिव्याचं काही वाटत नाही."

वडिलांच्या सीटवर बकऱ्या. खलफानने हात आवरता घेतला.

मागच्या गुरुवारी त्याने दुपारच्या, अस्रच्या नमाजाआधी स्कॅनर लावला. कोड नव्हता. सूर्यास्ताची मगरिब झाल्यावर पुन्हा लावला, तर कोड आलेला. म्हणजे जे काही होत होतं ते गाडी दारात उभी असतानाच. कुणीतरी मुद्दाम करत असणार. त्याला हुमैदचाच संशय आला. या गुरुवारी तो मशिदीत गेलाच नाही, मागच्या सीटखाली अंग चोरून बसला.

ऊन कललं तसं दार उघडलं. किल्ली फिरली, इंजिन सुरू झालं. मग बॉनेट वर गेलं, त्याला काठीचा टेकू लागला. धुराचा लोट उठला.

"घे बाई, पोटभर घे," असा आवाज आला. खलफान धडपडत बाहेर आला. समोर त्याची आई झुवैना उभी. हातातलं धुपाटणं तिने थेट हवेच्या नळीच्या तोंडाशी धरलं होतं.

"आई, हे काय चाललंय?"

"गाडीची दृष्ट काढतेय. दर गुरुवारी काढते. तू आत लपून काय करतोयस?"

दर गुरुवारी ऊद घरभर फिरायचा, तसा तो गाडीलाही मिळत होता. घराला, अंगणाला, गाडीला एकच वास, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बाबांच्या वेळेलाही असंच करायचीस?"

"मग? एकदा गॅरेजवाल्याने त्यांना काहीतरी सांगितलं. घरी आले ते गालातल्या गालात हसत. मी म्हटलं, काय म्हणाला तो? तर म्हणे, गाडीला तुझा ऊद मानवलाय, बंद करू नकोस. आणि त्याच दिवशी पुढ्यात काळी पट्टी चिकटवली. उजेड डोळ्यांत जातो म्हणे. दर शनिवारी बॉनेट उघडून आतलं काहीतरी पुसत बसायचे. फार जपायचे रे गाडीला."

खलफानला आपण नखाने खरवडलेली ती चिकटपट्टी आठवली. त्याला हसू आलं. वडील गाडीला जपत नव्हते, आईला जपत होते, आणि दोन वर्षांत आज ते त्याला फार आठवले.

"तुझं ते यंत्र काय सांगतं?" आईने विचारलं.

त्याने स्कॅनर खोचून पाहिला, पडद्यावर कोड पुन्हा उमटला होता. "सांगतंय, दृष्ट उतरली."

"एवढं कळायला यंत्र लागतं होय," आई म्हणाली आणि धुपाटणं घेऊन कोंबड्यांकडे वळली.

शुक्रवारी रुस्ताकच्या रस्त्यावर शरीफा पुढे बसली होती. तिने पहिली नजर टाकली ती दिव्याच्या जागेवर. तिथे काळी पट्टी होती. उन्हाने तिचा एक कोपरा सुटला होता आणि खालून पिवळा उजेड झिरपत होता. शरीफाने नवऱ्याकडे पाहिलं.

"शरीफा, निर्धास्त बस हो," मागून सासू म्हणाली. "कालच गाडीला ऊद दिलाय. इंजिनाच्या पार आत गेलाय बघ. गाडीने तुझ्या सासऱ्यांना कधी वाटेत सोडलं नाही, ते उगाच?"

शरीफाने पुढे वाकून पट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून बसवला.

"हुमैदला सांगा," ती म्हणाली, "बकऱ्यांसाठी दुसरी गाडी बघ म्हणावं."