टोपीला ऊन लागू नये म्हणून

रस्ते विभागातल्या कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात उन्हापासून बचावाचं मलम देण्याची पद्धत होती. काटकसरीच्या धोरणानुसार ती बंद झाली, आणि या निर्णयाचं सर्वांनी स्वागत केलं. सर्वांनी म्हणजे, स्वागताच्या बैठकीला जे हजर होते त्यांनी. बैठक वातानुकूलित खोलीत होती आणि रस्ते बाहेर होते, त्यामुळे रस्त्यावरच्या मंडळींना यायला जमलं नाही. कर्मचाऱ्यांनी यापुढे आपल्या त्वचेचं रक्षण ‘नैसर्गिक मार्गांनी’ करावं, असं परिपत्रक निघालं. नैसर्गिक मार्ग कोणते, ते परिपत्रकात नव्हतं. ते निसर्गावर सोपवलं होतं.

मोजणीबाईंना या निर्णयानं काही फरक पडला नाही. नव्या डांबरी रस्त्यावरून मोजणीचं चाक ढकलत जायचं, खडूनं खुणा करायच्या आणि लांबी लिहून घ्यायची, हे त्यांचं काम. रंग असा गोरा, की लहानपणी शेजारणी गाल ओढून ‘काय बाई रंग!’ म्हणायच्या. हा रंग उन्हाला टिकत नाही, हे मात्र कौतुक करणाऱ्यांपैकी एकीनंही सांगितलं नव्हतं. अर्धा तास उन्हात उभं राहिलं की नाक लाल, संध्याकाळी मानेची आग, आणि आठवड्यानं कातडीचे पापुद्रे. दुकानातल्या मलमानं अंगावर पुरळ उठायचं. म्हणून बाईंनी आपला बंदोबस्त आपणच केला होता. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा घालायचा, उजाडताच कामाला लागायचं, ऊन चढलं की झाडाखाली बसून आकडेमोड करायची. आणि या सगळ्यावर टोपी.

टोपी त्यांच्या आईनं शिवलेली. आई शिवणकाम करायची. तिनं जुन्या चटईचा रुंद काठ कापला, आतून धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीचं अस्तर लावलं, मागे मान झाकेल अशी झालर सोडली आणि हनुवटीखाली बांधायला नाडी दिली. दुरून पाहिलं तर एखादी टोपलीच चालत येतेय असं वाटायचं.

“पोरी, या टोपीत एक बिऱ्हाड राहील,” रोड-रोलर चालवणारे रोलरकाका म्हणायचे. पण दुपारी शेजारी पाणी प्यायला बसले, की त्याच टोपीच्या काठाखाली आपलं डोकं घालायला ते कधी विसरले नाहीत.

असं सगळं नीट चाललं होतं. पण एका दुपारी मोठ्या साहेबांच्या गाडीतलं थंड हवेचं यंत्र बिघडलं आणि साहेबांना नाइलाजानं रस्त्यावर उतरावं लागलं. समोर झाडाखाली मोजणीबाई.

“हे डोक्यावर काय आहे?”

“टोपी, साहेब.”

“कुठून घेतली?”

“आईनं शिवलीय. घरचीच जुनी चटई होती.”

“म्हणजे खर्च?”

“काहीच नाही.”

साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि सोबतच्या भांडारपालांकडे दिली. बाईंना वाटलं, आपलं कौतुक झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ‘स्वावलंबी छाया योजना’ जाहीर झाली आणि बाईंची टोपी नमुना म्हणून भांडारात जमा झाली.

“परत कधी मिळेल?” बाईंनी विचारलं.

“अहो, नमुना आहे. मंजूर झाला की लगेच,” भांडारपाल म्हणाले.

बाईंनी विश्वास ठेवला. भांडारात गेलेली वस्तू परत येते असं मानणाऱ्या त्या विभागातल्या शेवटच्या व्यक्ती असाव्यात.

योजना म्हटली की अभ्यास आला. अभ्यासात असं आढळलं, की बाई उजाडता उजाडता रस्ता मोजतात. कार्यालय दहाला उघडतं. कार्यालय उघडण्यापूर्वी मोजलेला रस्ता मोजला गेला असं कसं मानायचं? सबब आजवर मोजलेले सगळे रस्ते कार्यालयीन वेळेत पुन्हा मोजण्याचा आदेश निघाला. पुढे असंही आढळलं, की बाई ज्या झाडाखाली बसतात ते झाड उद्यान विभागाचं आहे. दुसऱ्या विभागाची सावली विनापरवानगी वापरणं गंभीर होतं. बाईंनी डोक्याला पंचा गुंडाळला, तर नमुना विचाराधीन असताना पर्यायी साधन वापरणं म्हणजे योजनेवर अविश्वास दाखवणं आहे, अशी समज देण्यात आली. सदऱ्याच्या बाह्या तेवढ्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत, म्हणून राहिल्या.

आणि बाई भर दुपारी, उघड्या डोक्यानं, मोजलेलेच रस्ते पुन्हा मोजत राहिल्या. नाक सोललं. कपाळ सोललं. रात्री उशीला गाल टेकवता येईना. आई ओल्या फडक्यानं चेहरा टिपायची आणि पुटपुटायची.

“दुसरी शिवते मी. त्यात काय एवढं?”

आईनं दुसरी शिवली. ती घालून बाई कामावर गेल्या, आणि टोपी दुपारच्या आत जप्त झाली. टोपीची रचना आता विभागाची होती. तिची अनधिकृत नक्कल करता येत नव्हती.

“माझीच नक्कल मी केली म्हणतात?” आई म्हणाली. शिवणयंत्र तिनं कापडानं झाकून ठेवलं आणि त्या दिवशी काही शिवलंच नाही.

दरम्यान योजनेसाठी नेमलेल्या समितीनं लाभार्थी ठरवले. ऊन गोऱ्या त्वचेला बाधतं, तेव्हा योजना गोऱ्यांसाठी. काळ्यासावळ्या कर्मचाऱ्यांची सोय निसर्गानं जन्मतःच करून ठेवली आहे, असं समितीचं मत पडलं. समितीत सगळे गोरेच असल्यामुळे मतभेद झाले नाहीत.

“निसर्गानं सोय केलीय म्हणे,” रोलरकाका म्हणाले. “मग संध्याकाळी माझी मान भाजलेली असते ती कुणाची? समितीची?”

गोरं कुणाला म्हणावं हा प्रश्न उरला. त्यावरही उपाय होता. इमारतीला रंग देणाऱ्या कंत्राटदाराची रंगपट्टी एका कपाटात पडून होती. मोती, मलई, लोणी, वाळू, विटकरी, असे रंग एकाखाली एक. लोण्यापर्यंतचे गोरे, असं ठरलं. मोजणीबाई भांडारात गेल्या तेव्हा भांडारपालांनी पट्टी त्यांच्या गालाला लावली, मान तिरकी करून पाहिलं, आणि म्हणाले, “विटकरी.”

“अहो, मी गोरी आहे! ऊन लागून असं झालंय.”

“असं कुणीही म्हणेल.”

“हे बघा.” बाईंनी बाही वर सारली. दंड पांढराशुभ्र.

भांडारपालांनी पट्टी दंडाला लावली. “मोती. एक नंबर.” क्षणभर बाईंचा चेहरा उजळला, उजळण्याजोगा तो जेवढा उरला होता तेवढा. “पण दंड बाहीखाली होता ना? म्हणजे त्याला संरक्षण मिळालेलं आहे. एकाच व्यक्तीला दुहेरी लाभ देता येत नाही.”

“मग चेहऱ्यासाठी द्या.”

“चेहरा विटकरी आहे.”

“मी करू तरी काय?”

“सोपं आहे. महिनाभर उन्हात जाऊ नका. रंग निवळला की या.”

“मग महिनाभर रजा द्या.”

“उन्हाची रजा फक्त गोऱ्या कर्मचाऱ्यांना आहे, बाई,” भांडारपाल समजुतीच्या सुरात म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी बाईंना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि मग परत उन्हात पाठवलं.

टोप्यांचं वाटप थाटात झालं. लेखा शाखा मोती निघाली. आस्थापना शाखा मोती निघाली. मोठे साहेब मोतीच्याही वर निघाले. त्यांच्यासाठी पट्टीवर रंगच नव्हता. वर्षानुवर्षं छपराखाली राहून या सर्वांनी आपला रंग राखला होता, आणि त्याचं चीज झालं. शून्य खर्चाच्या टोप्यांवर बराच खर्च झाला, हे ओघानंच आलं. टोप्या घालून लोक कामाला बसले तेव्हा शेजारच्याच्या डोळ्यात काठ जाऊ लागले, म्हणून सुधारित आदेशानं काठ कापण्यात आला. पुढे मागची झालर पंख्यात अडकली, तीही काढली.

“आयत्या बिळावर नागोबा!” बातमी कळल्यावर आई म्हणाली. “माझ्या टोपीखाली अख्खं ऑफिस बसलं, आणि माझी पोर उन्हात.” आणि ती रडली.

मूळ टोपीला मात्र विभागानं अंतर दिलं नाही. लोक जिथे आपापल्या कामांसाठी रांग लावतात त्या दालनात काचेची पेटी बसवून तिच्यात टोपी मांडण्यात आली. खाली लिहिलं, ‘नैसर्गिक छायेचा आद्य नमुना’. आईचं नाव नव्हतं. नमुन्याला आई नसते.

पेटी ठेवली पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर. आठवडाभरात असं लक्षात आलं, की दुपारचं ऊन थेट पेटीवर येतं आणि टोपीचा रंग उडू लागला आहे. विभागात खळबळ माजली. मोठे साहेब दालनात तीनदा येऊन गेले. पडदा घ्यावा, तर काटकसरीमुळे पडद्यांची खरेदी बंद. शेवटी परिपत्रकाकडेच पाहावं लागलं: नैसर्गिक मार्ग. दुपारभर कुणीतरी खिडकीत उभं राहिलं, तर टोपीवर सावली पडेल.

गोऱ्या कर्मचाऱ्यांना उन्हात उभं करणं योजनेच्या मूळ हेतूविरुद्ध होतं. रोलरकाकांना उभं करून पाहिलं, पण ते बुटके. त्यांची सावली पेटीच्या निम्म्यावरच संपायची. मोजणीबाई उंच होत्या, आणि विटकरी असल्याचं प्रमाणितही होतं.

“पण माझे रस्ते?” बाईंनी विचारलं.

“रस्ते काय पळून जातायत?” भांडारपाल म्हणाले.

तेव्हापासून मोजणीबाई रोज दुपारी खिडकीला पाठ करून उभ्या राहतात. पाठीवर ऊन, समोर आपलीच टोपी. उन्हापासून अगदी सुरक्षित.

एकदा रोलरकाका तिथे आले आणि हळूच म्हणाले, “पोरी, पेटीला कुलूप नाहीये. उचल आणि चल.”

“माहीत आहे, काका. रोजच बघते.”

“मग कुणाला भितेस?”

बाईंनी रांगेकडे पाहिलं. मग पुढे होऊन काच उचलली, टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. नाडी बांधली. मऊ अस्तर कपाळाला लागलं तसे त्यांनी डोळे मिटले.

पण त्या पुढे सरकल्या होत्या. खिडकीतलं ऊन मोकळं झालं आणि सरळ पेटीमागच्या रांगेवर पडलं.

त्या रांगेत तुम्ही होतात. आठवत नसेल कदाचित. तुम्ही घाईत होतात, आणि आतापर्यंत तुमच्या तोंडावर छान सावली होती. सगळ्यात आधी आवाज तुम्हीच चढवलात. “अहो बाई, ती बघायला ठेवलीय, घालायला नाही! सरकारी वस्तू आहे. ठेवा परत!” मागच्या चौघांनी तुम्हाला दुजोरा दिला. भांडारपालांना बाहेर यावंसुद्धा लागलं नाही.

बाईंनी नाडी सोडली. टोपी पेटीत ठेवली, काच लावली आणि खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या.

“जरा डावीकडे सरकता का?” तुम्ही म्हणालात. “अजून डोळ्यांवर येतंय.”

त्या सरकल्या. तुमचं काम झालं, आणि बाहेर पडताना तुम्ही सोबतच्याला म्हणालात, “काही म्हणा, दालनात गारवा छान ठेवलाय. आणि खर्च काहीच नाही.”