मंजूचा जोडीदार

पोहणं शिकवावं तर गुलाबरावांनीच, असं खुद्द गुलाबराव सांगत. चिखलीजवळच्या त्यांच्या गावातली निम्मी पोरं त्यांनी विहिरीत ढकलून पोहायला शिकवली होती. पद्धत सोपी. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि पोरगं नाही म्हणायच्या आत मागून धक्का द्यायचा. त्यामुळे नात मंजुश्रीच्या शाळेने चिखलीतल्या जलतरण तलावावर पोहण्याचा वर्ग काढला, तेव्हा त्यांना हसूच आलं. पोहायला कधी शाळा लागते का?

सिंधूताईंना मात्र पाणी म्हटलं की धडकी भरायची. मंजू रडरड रडली, जेवणावर रुसली, तेव्हा कुठे आजी कबूल झाली. तेही अट घालून. "तुमी सोता तिथं बसान. तुमची नजर हटली असं मले समजलं, त त्याच दिसापासून पोरीचं पोहनं बंद."

डोळ्यांत तेल घालून बसतो, असं वचन देऊन गुलाबराव डबा काखोटीला मारून तलावावर हजर झाले.

तिथे पुष्पांजली मॅडम होत्या. आवाज एवढासा, पण शिस्त काय त्या बाईची! चपला भिंतीशी. पळायचं नाही, ढकलायचं नाही. जीवरक्षक प्रसेनजित काठावर तयारीत बसलेला. आणि प्रत्येक पोराला एक जोडीदार. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एक जरी हात एकटा दिसला, तरी सगळा तलाव रिकामा.

मॅडमनी डब्याला लांबूनच नमस्कार केला आणि तो बाजूला ठेवायला लावला. जोड्या लागल्या, तर नेमकी मंजूच एकटी उरली. गुलाबराव छाती काढून पुढे झाले. मी हाये ना, म्हणाले.

"चालेल आबा. तुम्ही काठावर बसा, शिट्टी झाली की ती येऊन तुमचा हात धरेल," मॅडम म्हणाल्या. "पण उठायचं असेल तर आधी तिला सांगायचं."

आता सांगा, नातवंडं खेळवणाऱ्या माणसाने पाचवीतल्या पोरीची परवानगी घ्यायची? गुलाबराव मनातल्या मनात हसले आणि मान डोलावली. मॅडमची पाठ वळल्यावर डबा हळूच परत काठावर आणून त्याला टेकून बसले.

थोड्या वेळाने फोन वाजला. घरूनच होता. आत पोरांच्या गलक्यात काही ऐकू येईना, म्हणून गुलाबराव अनवाणीच उठून फाटकाबाहेर गेले. उठताना धोतराचा सोगा लागून डबा पाण्यात पडला, त्याचा त्यांना पत्ताच नाही.

सिंधूताई विचारत होत्या, पोरीवर ध्यान हाये ना? मी जाग्यावरून हलतो कुठं, असं ठासून सांगत गुलाबरावांनी चहावाल्याला अर्ध्या चहाची खूण केली.

आत शिट्टी वाजली. मंजू छपछप हात मारत काठाशी आली. आबांचा हात नव्हता. भिंतीशी आबांच्या चपला, पाण्यावर आबांचा डबा, त्याची दोरी तरंगत असलेली, आणि आबा कुठेच नाहीत. तिने आपला एकटा हात वर केला आणि किंकाळी फोडली.

पुढचं मात्र बघावं असं होतं. लांब शिट्टी झाली आणि बघता बघता सगळी पोरं बाहेर येऊन हातात हात धरून भिंतीशी बसली. कोणी घसरलं नाही, कोणी चेंगरलं नाही. मोठी माणसं ग्रामसभेत कधी अशी बसली असतील तर शपथ. प्रसेनजित तर केव्हाच पाण्याखाली गेला होता.

बाहेर चहावाला म्हणाला, आत कोनी तरी बुडालं वाटते.

गुलाबरावांच्या हातून ग्लास सुटला. मंजू! फोन तसाच मुठीत आणि ते धावत सुटले. कानात सकाळचं पोरीचं बोलणं घुमत होतं, "आबा, तुमी असान ना तिथं?"

मंजू भिंतीशी उभी होती, खांद्यावर मॅडमचा हात. गुलाबरावांनी तिला तशीच ओलीचिंब उराशी धरलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. जीव भांड्यात पडल्यावर त्यांना माणुसकी आठवली. "कोन बुडालं वो मॅडम? कोनाच्या घरचं मानूस?"

प्रसेनजित धापा टाकत वर आला. त्याच्या हातात डबा होता.

मंजूने नाक पुसलं. "तुमी."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी छोटी शिट्टी वाजवली, तशी मंजूने आबांचा हात घट्ट धरून वर केला. एका हातासाठी ही बाई सगळा तलाव थांबवते, हे पाहून गुलाबरावांना आपली विहीर आठवली आणि मान खाली गेली. तिथे धक्का द्यायला सगळे होते, हात बघायला कोणीच नव्हतं.

तेवढ्यात मुठीतून आवाज आला. फोन चालूच होता आणि सिंधूताईंनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. गुलाबरावांनी तो तव्यावरची भाकर धरावी तसा कानाला लावला आणि बारीक आवाजात विचारलं, पोरीचं पोहणं बंद करू का?

"पोरीचं काऊन बंद? तिच्यावर ध्यान ठेवाले मॅडम हाये," सिंधूताई म्हणाल्या. "आन् तुमीबी रोज जात जा. तुमच्यावर ध्यान ठेवाले पोरगी हाये."