लेलंडचा फसवा डाव

मर्लचं पत्र अकरा वर्षं लेलंडच्या टेबलाच्या खणात पडून होतं. बालमित्रानं त्यात एकच गोष्ट विचारली होती : "त्या दिवशी तू चेंडू फेकला का नाहीस? मी एकटा, मोकळा उभा होतो. माझ्यावर विश्वास नव्हता का?"

तो दिवस म्हणजे शाळेचा शेवटचा फुटबॉल सामना, चेंडू हातानं फेकायचा अमेरिकन फुटबॉल. डाव लेलंडच्याच डोक्यातला. लेलंडनं गुडघ्यावर बसून चेंडू गवतावर धरायचा, सगळ्यांना वाटणार आता कुणीतरी धावत येऊन त्याला लाथ मारणार, तेवढ्यात लेलंडनंच उठून तो कोपऱ्यातल्या मर्लकडे फेकायचा! असे दोनशे बारा फसवे डाव लेलंडच्या वहीत होते. पण त्या दिवशी तो चेंडू पोटाशी धरून उभाच राहिला आणि त्याच्या अंगावर समोरचा अर्धा संघ कोसळला.

उत्तराचे सोळा मसुदे झाले. खरं कारण लिहायचं म्हटलं की पेन अडायचं.

"यंदा तो डाव मी करून दाखवणार!" थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी, परसातल्या घरगुती सामन्याआधी त्यानं जाहीर केलं.

"बाबा, गेल्या वर्षी तुम्ही कुंपणाला धडकलात," मुलगा क्लिंट म्हणाला.

"कुंपण मधे आलं!"

"चष्मा दे इकडे," बायको नॉर्मानं हुकूम सोडला. "दरवर्षी नवा कोण करणार?" आणि तो तिनं एप्रनच्या खिशात टाकला.

नात टेसा बुटाची नाडी बांधायचं सोंग करत कोपऱ्यात बसली. लेलंड गुडघ्यावर. "लाथ अडवा!" क्लिंट ओरडला, सगळे धावले आणि लेलंड ताडकन उठला. हूल बसली! लांबवर काहीतरी लाल दिसलं. टेसाचा स्वेटर! सणाच्या दिवशी अख्खं नेब्रास्का राज्य आपल्या फुटबॉल संघाचा लाल रंग घालतं, हे मात्र त्या क्षणी त्याला आठवलं नाही. त्यानं फेकला. काय सुरेख फेक! घारीसारखा गेला चेंडू!

लाल काहीतरी किंचाळलं.

लाल एप्रनमधली नॉर्मा कुस्करलेल्या बटाट्यांचं पातेलं गॅरेजात मांडलेल्या जेवणाच्या टेबलाकडे नेत होती. चेंडू पातेल्यात मानेपर्यंत रुतला आणि बटाटे नॉर्माच्या भुवयांपर्यंत उडाले. तरातरा येऊन तिनं चष्मा त्याच्या नाकावर बसवला. "बघ! नीट बघ काय केलंस!"

त्याला आधी दिसली टेसा. उलट्या कोपऱ्यात, हात पसरून, ओठ काढून.

"आजोबा, मला झेलता येणार नाही असं वाटलं का?"

"अगं नाही गं सोन्या! तू दिसलीच नाहीस मला! चष्मा नव्हता ना..."

लेलंडला खणातलं मर्लचं पत्र आठवलं. इतकं सोपं होतं?

"म्हणजे शाळेतसुद्धा?" नॉर्मानं डोळे बारीक केले.

"मोज्यात लपवला होता," तो पुटपुटला. "प्रेक्षकांत तू होतीस. चष्म्यात मी घुबडासारखा दिसायचो."

"अजूनही दिसतोस," म्हणत तिनं आपल्या बोटावरचा बटाटा त्याच्या गालाला पुसला.

सतरावा मसुदा चार ओळींचा झाला : "मर्ल, विश्वास पुरेपूर होता. तूच दिसला नाहीस. चष्मा मोज्यात होता. आता हस."

दुसऱ्या दिवशी टेसाचा हात धरून तो कोपऱ्यावर गेला. नाकावर चष्मा होता, तरी त्यानं विचारलंच, "ही टपालपेटीच आहे ना गं?"

"हो. पण आजोबा, फेकू नका. हळूच सोडा."

लेलंडनं हळूच सोडलं.