कुंकू लावलेलं नागरिकत्व

चंद्रशेखर मुलमुल्यांनी बंदूक घ्यायचं ठरवलं, त्याला कारण एक फुटलेली बशी. (घरातली नव्हे. घरातल्या बशा सुचेताच्या माहेरच्या, त्यांना हात लावायलाही परवानगी लागे.) ही बशी मातीची होती आणि आकाशात उडत होती. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातला त्याचा सहकारी पीटर एका रविवारी त्याला गावाबाहेरच्या शेतात घेऊन गेला. तिथे यंत्रातून बशा हवेत फेकतात आणि सभ्य माणसं त्यांच्यावर गोळ्या झाडतात. शेखरचा एकेक नेम चुकत गेला. शेवटची मात्र कशी कोण जाणे फुटली, आणि शेखर हसला.

यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. विशेष हे, की नागपूरला आई वारल्यापासून हा माणूस हसलाच नव्हता. बोलणंही चहा, मीठ आणि पार्किंग एवढ्यापुरतं उरलं होतं. शेखर भूलतज्ज्ञ. समोरचा माणूस गप्प पडून आहे म्हणजे सगळं ठीक चाललंय, हा त्याच्या धंद्याचा नियम. तोच त्याने स्वतःला लावून घेतला होता.

घरी येऊन त्याने जाहीर केलं, "मी शॉटगनचं लायसन्स काढतोय."

सुचेता पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"कशाला?"

"असंच."

(इथे बशीची गोष्ट सांगितली असती तर ही कथा इथेच संपली असती. पण सांगेल तर तो शेखर कसला!)

पिस्तूल या देशात सामान्य माणसाला मिळत नाही. शॉटगन मिळते, पण पोलीस आधी माणूस तपासतात. शेखरने अर्ज भरला, फोटो दिले. बंदुकीसाठी पोलादी कपाट आणून ते जिन्याखालच्या खोलीत भिंतीला ठोकलं. तिथले तांदूळ, पापड आणि पुण्याहून आलेलं मेतकूट देशोधडीला लागलं. सुचेता एरवी असल्या गोष्टीवरून घर डोक्यावर घेते. या वेळी ती काहीच बोलली नाही. शेखरला वाटलं, बायको समजूतदार झाली.

मग पोलिसांच्या ऑफिसातून फोन आला. जन्म परदेशातला आहे, तेव्हा नागरिकत्वाचं सर्टिफिकेट अस्सल दाखवावं लागेल.

"सुचेता, माझं सर्टिफिकेट कुठाय?"

"शोधते."

महत्त्वाचे कागद या घरात देव्हाऱ्याखालच्या खणात असतात, हे त्या घरातली मांजरसुद्धा सांगू शकली असती. तरी सुचेता शोधतच राहिली. माळा झाला, बॅगा झाल्या, एकदा तर तिने फ्रीजरही उघडून पाहिला. शेखरला हेही विचित्र वाटलं नाही.

शेवटी तपासणीचा अधिकारी घरी आलाच. बार्न्स त्याचं नाव. निवृत्त पोलीस, उंचापुरा, बोलायला मऊ. त्याने कपाट हलवून पाहिलं, चहा घेतला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि म्हणाला, "डॉक्टर, ते सर्टिफिकेट?"

"सापडत नाहीये," शेखर म्हणाला.

"मग आपण पुन्हा मागवू. नवीन मिळतं."

हे ऐकलं आणि सुचेता उठली. सरळ देव्हाऱ्याकडे गेली, खण ओढला, सर्टिफिकेट आणून टेबलावर ठेवलं. इतक्या दिवसांचं शोधकार्य असं चहा निवायच्या आत उरकलं.

बार्न्सने कागद हातात घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. बरोबर नंबरावर लाल बोट उमटलं होतं, आणि खाली ओघळही होता.

"हे रक्त आहे का?" त्याने अगदी शांतपणे विचारलं. बंदूक मागणाऱ्याच्या घरी हा प्रश्न शांतपणे विचारलेलाच बरा.

"नाही नाही, कुंकू!" शेखर घाईने म्हणाला. "नवीन वस्तू आली की आम्ही लावतो. गाडीला लावतो, फ्रीजला लावतो."

"मी लावलं," सुचेता म्हणाली. "टाउन हॉलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेऊन हा सर्टिफिकेट घरी घेऊन आला, मी देवापुढे ठेवलं, ओल्या बोटाने कुंकू लावलं. ते वाळायच्या आत नागपूरहून फोन आला. याची आई गेली."

बार्न्सने कप खाली ठेवला.

"ब्रिटिश नागरिक झाला म्हणून त्या दिवसापासून याचा इंडियन पासपोर्ट चालेना, ब्रिटिश अजून काढायचा होता. जाणार कसा? दोन देश असलेला माणूस, आणि विमानात बसवायला एकही देश तयार नाही. फोन कानाला लावून याने मंत्र ऐकले. तेव्हापासून हा बोलत नाही. आणि आता घरात बंदूक आणतोय! कशाला म्हटलं तर म्हणे, असंच." मग ती शेखरकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "मीच लपवलं होतं. मला भीती वाटते रे. जिन्याखालचं ते कपाट आल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही."

रोज माणसांना बेशुद्ध करून परत शुद्धीवर आणणारा हा डॉक्टर. शेजारी झोपणारी बाई इतके दिवस जागी आहे, हे त्याला आज कळलं.

"अगं, मला मातीच्या बशा फोडायच्यात," तो म्हणाला. "दुसरं काही मनात नव्हतं. म्हणजे... कधीच आलं नाही असं नाही म्हणणार. पण बंदूक त्यासाठी नव्हती. त्या दिवशी एक बशी फुटली आणि मला हसू आलं. बरं वाटलं, एवढंच. आईला अग्नी शेजारच्या विनयने दिला, सुचेता. ती गेली तेव्हा मी इथे राणीची शपथ घेत होतो." आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर, चिवड्याच्या वाटीवर वाकून, तो हमसून हमसून रडला.

बार्न्सला मराठी येत नव्हतं, पण त्याला भाषांतर लागलं नाही. त्याने फाइल मिटली. "अर्ज आज मागे घ्या, डॉक्टर. उद्या तुमच्या फॅमिली डॉक्टरला, जीपीला भेटा. नक्की भेटा." दारात तो सुचेताला म्हणाला, "तुम्ही बोललात ते चांगलं केलंत."

शेखर जीपीकडे गेला. तिथून समुपदेशकाकडे. आधी रडला, मग बोलला, मग बोलतच राहिला. शेतावरही पुन्हा जाऊ लागला, फक्त सुचेता सोबत असेल तरच, अशी तिची अट. नुसतं उभं राहून थंडी वाजते म्हणून एकदा तिने पीटरची बंदूक हातात घेतली. पहिली बशी फुटली. दुसरी फुटली. लोक जमले.

पुढच्या वर्षी पोलिसांचं लायसन्स आलं ते सुचेता मुलमुल्यांच्या नावावर. तिचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट कोरं करकरीत होतं. स्वतःच्या कागदाला कुंकू लावायचं तिला सुचलंच नव्हतं. कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. काडतुसांची पिशवी शेखर उचलतो आणि वाटभर आईच्या गोष्टी सांगतो: आईचे सांडगे, आईचा राग, सीताबर्डीवर आईने दुकानदाराला कसं रडवलं.

गेल्या रविवारी काउंटीची स्पर्धा होती. सुचेताने बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला, आणि बशी सुटायच्या आधी मान न वळवता म्हणाली, "शेखर, तुझ्या पाया पडते, दोन मिनिटं गप्प बस."