तीन दारांची फियाट

यज्ञेश्वर टेंभेकर हे आशिया खंडातले सर्वांत तल्लख गुप्तहेर होते. खंडाला ही गोष्ट अजून कळलेली नव्हती, पण तो खंडाचा प्रश्न होता. नुसत्या चपलेवरून ते माणसाचं गाव, कुळ आणि बायकोशी झालेलं शेवटचं भांडण सांगत. चप्पल बहुधा भलत्याचीच निघे, पण त्यात तर्काचा काय दोष? एकतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत हरवलेल्या फायलींच्या टेबलावर होते. निवृत्त झाले तेव्हा टेबलही सापडत नव्हतं.

हे सगळं त्यांचा मेहुणा अवधूत अधूनमधून नव्हे, रोज ऐकत असे. कारण तो त्यांचा मदतनीस होता. मदतनीस म्हणजे स्कूटर त्याची, पेट्रोल त्याचं आणि या खेपेला तर केसही त्याचीच.

अवधूत आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे यज्ञेश्वरांची बायको हेमा, यांचे वडील, आप्पा, मागे एक जुनीपुराणी फियाट ठेवून गेले होते. हेमाला सासरी सोडायला आप्पा स्वतः ती चालवत आले होते आणि वाटेत एक अक्षर बोलले नव्हते, असं हेमा सांगे. अवधूतने दोन वर्षं खपून गाडीचं इंजिन गातं केलं होतं. अडलं होतं ते पुढच्या डाव्या दारापाशी. ते गंजून असं विरघळलं होतं की हँडल ओढलं की हँडल हातात यायचं आणि बाकीचं जमिनीवर.

तसलं दार आता कुठे बनत नाही. नंतरच्या फियाटचं चालत नाही, कारण या गाडीच्या पुढच्या दारांना बिजागऱ्या मागच्या अंगाला, दार उघडतं उलटं. जुन्या बाजारात अवधूतला आरसा मिळाला, दिव्यांच्या कडा मिळाल्या, एकाने तर भोंगाही दिला, दार नाही. शेवटी पत्रा ठोकून एक बनवून घेतलं, ते दार कमी आणि तळलेला पापड जास्त दिसत होतं.

त्यातच सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘तीन दारांचे वाहन ठेवण्याची नियमांत तरतूद नाही. येत्या रविवारी सकाळी अकरापर्यंत सदर गाडी चारही दारांसह, स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाऊन परत न आल्यास भंगारवाला बोलावण्यात येईल. ती ढकलावी लागल्यास चाके स्वतःची धरली जाणार नाहीत.’

दाराचा पत्ता महिन्याभरापूर्वीच लागला होता. खडकीचे म्हातारे मेकॅनिक हिंमतराव यांनी तो चहा पिता पिता सांगून टाकला : लोणी काळभोरच्या बायडाबाईंच्या खुराड्याला अगदी हेच दार आहे. यज्ञेश्वरांनी त्याची नोंद ‘आमच्या हेरांकडून’ अशी केली.

अवधूतला सुट्टी शनिवार-रविवार. त्यातला रविवार यज्ञेश्वरांच्या चिंतनाचा. ते दिवसभर कोचावर घोरत चिंतन करत. म्हणून दोघं लोणीला शनिवारी जात.

पहिल्या शनिवारी बायडाबाईंनी दार कौतुकाने दाखवलं. हँडल फिरवलं, काच सुळकन खाली केली, त्यातून ज्वारी टाकली. कोंबड्या धावल्या. अवधूतच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते दार शाबूत होतं. मागितलं तेव्हा मात्र बाई म्हणाल्या, “आज न्हाय. परत कवातरी या.”

दारात सोनं दडवलंय, असं यज्ञेश्वरांनी परतीच्या वाटेवर सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी चहा दिला, दार दिलं नाही. चहात वेलची होती. शेतावरच्या चहात वेलची? म्हणजे इथे परदेशी पाहुण्यांची ये-जा आहे. बाई जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय टोळीच्या म्होरक्या आहेत.

“त्यांनी आपल्याला गवार पण दिली, भाऊजी.”

“तोंड बंद ठेवण्यासाठी.”

तिसऱ्या शनिवारी, म्हणजे अकराच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, बाई नुसत्या हसल्या. मग यज्ञेश्वर पुरावा गोळा करायला खुराड्यामागून रांगत गेले. कोंबड्याने चोचीने पुरावा त्यांच्या बसायच्या जागेवर ठेवला.

घरी येऊन त्यांनी उभ्यानेच चहा घेतला आणि कोंबडा प्रशिक्षित असल्याचं जाहीर केलं. उद्या आप्पांची गाडी किलोवर जाणार होती.

हेमा भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “तुम्ही तिकडे जाता कोणत्या वारी?”

“शनिवारी,” अवधूत म्हणाला.

“तिन्ही वेळा?”

“हो.”

“शनिवारी लोखंड मागायला जाता?”

अवधूतने कपाळाला हात लावला.

“अगं, पण मी त्याला दार समजत होतो,” यज्ञेश्वर म्हणाले.

रविवारी सकाळी सहा वाजता चिंतन रद्द करून दोघं लोणीत हजर झाले. रिकाम्या हाताने जाऊ नका, कोंबड्यांनाही दार लागतंच, असं म्हणून हेमाने बिघडलेल्या फ्रिजचं दार काढून दिलं होतं. बायडाबाईंनी ते उलटसुलट पाहिलं. आतल्या बाजूला अंडी ठेवायच्या खाचा दिसल्यावर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. शनिवारी घरातलं लोखंड बाहेर द्यायचं नसतं, हे आधीच का नाही सांगितलं, असं अवधूतने विचारलं. “यवढी शिकल्याली मानसं,” बाई म्हणाल्या, “म्या म्हनलं, म्हाईत असंल.”

परतताना यज्ञेश्वर स्कूटरच्या मागच्या सीटवर दार कवटाळून बसले होते. हडपसरच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने पत्ता विचारला, तेव्हा त्यांनी काच खाली करून उत्तर दिलं.

अकराला दहा कमी असताना शेवटचा स्क्रू बसला. सेक्रेटरींनी गाडीभोवती फिरून दारं दोनदा मोजली. दोन्ही वेळा चार भरली. हेमा येऊन पुढे डावीकडे, तिच्या जुन्या जागेवर बसली आणि तिने दार ओढलं. धप्प. अवधूतने तिच्याकडे पाहिलं नाही, कारण ती खिडकीबाहेर पाहत होती. इंजिन सुरू झालं, गाडी फाटकाकडे निघाली.

मागच्या सीटवर, एका अंगावर कलून बसून, यज्ञेश्वर वहीत लिहीत होते. “आरोपी, शनी,” ते मोठ्याने म्हणाले. “अटक तूर्त अशक्य. मला संशय पहिल्यापासून होताच. शिंगणापूरला घरांना दारं नसतात. दारांशी त्याचं वैर जुनंच...”

“अहो,” हेमा म्हणाली, “तुमच्या बाजूचं दार उघडं आहे.”